पहिला ‘माना’ कोणत्या रूपात खेळावा?

स्क्वेअर या जपानी कंपनीने 1991 साली गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी ‘सेइकेन देन्सेत्सु’ हा व्हिडिओ गेम काढला. अमेरिकेत तो ‘फायनल फॅंटसी ॲडव्हेंचर’ या नावाने, तर युरोपात 1993 साली ‘मिस्टिक क्वेस्ट’ या नावाने गेला. पुढच्या संपूर्ण ‘माना’ मालिकेचे मूळ याच गेममध्ये आहे. आज तो खेळू पाहणाऱ्यासमोर तीन रूपे आहेत: मूळ गेम, 2003 चा ‘सोर्ड ऑफ माना’ आणि 2016 चा ‘ॲडव्हेंचर्स ऑफ माना’. कथा तिन्हींची एकच असली, तरी हातात येणारा अनुभव फार वेगळा आहे.

मूळ गेम सुरू होताच गुलाम केलेला नायक आखाड्यात हिंस्र श्वापदासमोर उभा असतो. प्रस्तावनेत वेळ जात नाही. पडद्याच्या तळाशी असलेली एक पट्टी वार न करता थांबल्यास हळूहळू भरत जाते आणि ती पूर्ण भरल्यावर केलेला वार विशेष ताकदीचा ठरतो, त्यामुळे सतत बटण दाबत राहण्यापेक्षा दोन पावले मागे सरून योग्य क्षणाची वाट पाहणे फायद्याचे ठरते. वाराआधी थांबण्याचे हेच तत्त्व मालिकेच्या पुढच्या भागात, 1993 च्या ‘सीक्रेट ऑफ माना’मध्ये, वाराच्या ताकदीच्या टक्केवारीच्या रूपाने पुढे आले, आणि माझ्या मते या छोट्या गेमचा तो सर्वांत मोठा वारसा आहे. शस्त्रेही केवळ लढाईपुरती नाहीत: कुऱ्हाडीने झाडे तोडून वाट काढता येते, तर साखळीच्या आधाराने दरी ओलांडता येते. वाळवंटात ताडाची झाडे आणि 8 हा आकडा एवढ्याच संकेतावरून दोन झाडांभोवती इंग्रजी 8 च्या आकारात चालायचे असते. हे कोडे स्वतःहून सुटले, तर चार छटांचा तो लहानसा पडदा विसरायला होतो.

‘सोर्ड ऑफ माना’ हा गेम बॉय ॲडव्हान्सवरील रंगीत, देखणा पुनरवतार आहे. नायक किंवा नायिका यांपैकी एकाची निवड करता येते, पात्रांना पूर्वेतिहास मिळतो आणि केंजी इतो यांचे संगीत नव्या रूपात ऐकू येते. मात्र संवाद इतके वाढले आहेत की मूळचा वेग हरवतो, शिवाय संगणकाच्या ताब्यातील सोबती लढाईत वारंवार अडखळतो. कथा आणि पात्रे यांत रमणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा; पहिली ओळख म्हणून मी तो सुचवणार नाही.

‘ॲडव्हेंचर्स ऑफ माना’ मोबाइल आणि प्लेस्टेशन व्हिटासाठी आला. त्यात त्रिमिती चित्रण असूनही मूळ नकाशा आणि घटनाक्रम निष्ठेने जपलेला आहे. फक्त फोनच हाताशी असेल, तर निःसंकोच हाच निवडावा, परंतु काचेवर बोट फिरवून चपळ शत्रूंना चुकवताना खऱ्या बटणांची उणीव भासते.

निन्टेन्डो स्विच हे गेमयंत्र असेल, तर 2019 साली जपानबाहेर आलेला ‘कलेक्शन ऑफ माना’ हा संच मी सर्वांआधी सुचवेन, कारण त्यात मूळ गेमसोबत पुढचे दोन भागही आहेत आणि वाराआधी थांबण्याचा तो वारसा एका बैठकीत ताडून पाहता येतो. मूळ गेम खेळताना भुयारात शिरण्यापूर्वी किल्ल्या आणि कुदळी मात्र मोजून घ्याव्यात. त्या वापरल्या की संपतात आणि बंद दारासमोर किल्लीविना अडकण्याची वेळ खरोखर येते.