निवृत्त डॉक्टरांचे कोचिंग: फोंड्यातील सहा बैठकी

गोव्यातील फोंडा तालुक्यात आपल्या कुळागरालगतच्या (सुपारी-नारळाच्या बागेलगतच्या) घरी एक निवृत्त डॉक्टर निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसांसाठी कोचिंग घेतात. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या सहा बैठकींना गेलो. औषधांच्या चिठ्ठ्या लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस उपदेशच करील, ही माझी अटकळ पहिल्याच तासाला चुकली, कारण उपाय सुचवण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारले आणि मला उत्तर सापडेपर्यंत शांतपणे वाट पाहिली. रक्तदाबाचा विषय काढताच, ते काम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे आहे, असे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले. उपचार आणि कोचिंग यांतील ही सीमा त्यांनी एकदाही ओलांडली नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटली.

सकाळी ते सुपारी, नारळ आणि मिरीच्या वेलींमध्ये रमतात, तर संध्याकाळी वयाने निम्म्या असलेल्या शिक्षकाकडे हार्मोनियम शिकतात. गायिका केसरबाई केरकर आणि गायक जितेंद्र अभिषेकी यांचे मूळ ज्या तालुक्यात आहे, तिथे साठीनंतर कोणी पेटी हाती धरली तर नवल नाही. पण चुकलेला सूर पाहुण्यांसमोर पुन्हा वाजवून सुधारण्याचा त्यांचा मोकळेपणा पाहूनच मी माळ्यावरचा तबला खाली काढला.

बैठकीनंतर लेखी टिपण मिळत नाही, ही उणीव मात्र जाणवते. वही सोबत न्यावी.