उमराह टूर : मदिन्याच्या जियारतीला पूर्ण मार्क, हॉटेलला नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या टूरवाल्यासोबत अम्मी-अब्बूला घेऊन उमराह (मक्क्याची छोटी यात्रा) करून आलो, कापसाचे पैसे हाती आले तेव्हाच बुकिंग केलं होतं. मक्क्याचं जास्त सांगत नाही, तिथं अरकान म्हणजे विधी ठरलेले असतात, कोणासोबतही जा. टूर कशी आहे हे कळते मदिन्यात, कारण तिथली जियारत, म्हणजे पवित्र जागांचं दर्शन, सगळी मौलाना अन् बसवाल्याच्या हाती असते, अन् बरेच टूरवाले खिडकीतूनच हे उहुद, हे खंदक असं दाखवत उरकून टाकतात.

आमच्या मौलानांनी तसं नाही केलं. मस्जिदे कुबाला निघायच्या आधी सगळ्यांना हॉटेलातच वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करायला लावला, कारण घरून वजू करून तिथं नमाज पढली तर उमराहचा सवाब (पुण्य) आहे असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आलेलं आहे. ६२२ मध्ये हिजरत करून, म्हणजे मक्का सोडून मदिन्याला येताना हुजूर (पैगंबर मुहम्मद) आधी कुबात थांबले अन् इस्लामची पहिली मशीद तिथं उभी राहिली. हे बसमध्ये सांगितलं, मंग उतरल्यावर निवांत वेळ दिला.

उहुदला तर लय वेळ थांबलो अन् मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. समोर लालसर डोंगर, जाळीच्या आत शहीदांचं कब्रस्तान, अन् बाजूला तिरंदाजांची टेकडी, आमच्या गावच्या पडक्या गढीएवढीच असंल. ६२५ ची मक्केवाल्यांसोबतची लढाई मौलानांनी हात करून करून समजावली, इथं ५० तिरंदाज बसवले होते, आम्ही जिंको का हरो जागा सोडू नका असा हुकूम होता, पण जिंकलो असं वाटताच बहुतेक जण खाली उतरले अन् खालिद बिन वलीद, जे तेव्हा मुसलमान झालेले नव्हते, घोडेस्वार घेऊन मागून आले. सत्तरच्या आसपास सहाबा (हुजूरचे साथीदार) शहीद झाले, हुजूरचे चाचा हजरत हमजा पण त्यातच. अब्बूनं हे सारं जुम्म्याच्या बयानात आयुष्यभर ऐकलेलं, पण तिथं उभं राहून ते स्वतःच बाजूच्या चाचांना हातानं दाखवत होते, घोडे या अंगानं आले असतील म्हणून.

खंदकच्या लढाईची जागा (६२७, खंदक खोदायचा सल्ला सलमान फारसींचा) अन् मस्जिदे किब्लतैन, जिथं नमाजमध्येच किब्ला (नमाजची दिशा) बैतुल मुकद्दसकडून (जेरुसलेम) काबाकडं फिरला असं सांगतात, हे पण नीट दाखवलं. जन्नतुल बकी कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत, तर मौलानांनी त्यांना बाहेरून भिंतीजवळ नेऊन सलाम पढवला. हे सगळ्यांना सुचत नाही, अम्मी अजून त्यांना दुआ देते.

आता तक्रारीचं. मस्जिदे नबवीत हुजरा (हुजूरची खोली, जिथं त्यांची कबर आहे) अन् मिंबरच्या (प्रवचनाचं व्यासपीठ) मधात रियाजुल जन्नत ही पवित्र जागा आहे, तिथं जायला सौदी सरकारच्या नुसुक ॲपवरून परमिट लागते अन् बायकांची वेळ वेगळी असते. पुरुषांचं यांनी वेळेवर केलं, बायकांचं आज करतो उद्या करतो करत शेवटपर्यंत लटकवलं. मीच रात्री मोबाईल घेऊन बसलो तेव्हा अम्मीला स्लॉट भेटला, ग्रुपमधल्या दोन मावश्यांना तर भेटलाच नाही. इतक्या दूर येऊन त्या तशाच परतल्या, याचं मला खरंच वाईट वाटते अन् याची काही भरपाई नाही. हॉटेल हरमपासून (मस्जिदे नबवीपासून) पाच मिनिटावर सांगितलं होतं, अब्बूच्या गुडघ्यानं पाऊण तास नाही तरी वीस-पंचवीस मिनिटं सहज लागायची. जेवण ठीक, वरण पातळ.

तुमच्या घरची म्हातारी माणसं जाणार असतील तर पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारा, जियारतीत कुठं कुठं खाली उतरवणार अन् बायकांच्या रियाजुल जन्नतच्या परमिटची जबाबदारी कोणाची. मी परत गेलो तर याच मौलानांसोबत जाईन, पण हॉटेलचं नाव आधी कागदावर लिहून घेईन अन् परमिट घरच्या मोबाईलवरूनच काढीन.