समलंब चौकोनातला पिक्चर : छोट्या प्रोजेक्टरचा सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव विचारू नका, कारण हाच डबा तीन-चार नावांनी विकला जातो, फक्त वरचा स्टिकर बदलतो. दोन जाड वह्या एकावर एक ठेवल्या तर जेवढा गठ्ठा होईल तेवढा आकार, पुढे एक डोळा, मागे पंखा. आणि मी काही टेक्नॉलॉजीवाली नाही, शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते, त्यामुळे या रिव्ह्यूत मध्येमध्ये हिशोब येणार, त्याला माझा इलाज नाही.

घेतला का ते सांगते. मला थिएटरचं वेड आहे, साधं नाही, चांगलं खुळ म्हणावं इतकं. पण आमचं वेळापत्रक आणि पिक्चरवाल्यांचं वेळापत्रक यांचं जुनं वैर. बरोबर मला बघायचा असतो तो पिक्चर लागतो परीक्षेच्या आठवड्यात. दोन तुकड्यांचे मिळून ११८ पेपर, एकाला सात मिनिटं धरली तरी पावणेचौदा तास, वर बेरजा परत तपासा, गुण चढवा, "बाई माझा अर्धा मार्क राहिला" वाल्यांची रांग संपवा, आणि मोकळं होऊन बघावं तर पिक्चर उतरलेला. कधी जमलंच जायला तर मध्यंतरात दिवे लागले की मागून आवाज येतो, "बाईईई!" मग त्या मुलाची आई उठून येते आणि अपूर्णांकांची चौकशी सुरू होते, म्हणजे तिकीट काढून पालकसभा. मुलांना तर बाई थिएटरात दिसल्या याचंच इतकं आश्चर्य असतं की सोमवारी आख्ख्या वर्गाला माहीत, बाई कोणत्या सीनला रडल्या.

म्हणून म्हटलं घरीच पडदा लावू. नवरा म्हणाला टीव्ही आहे की घरात. टीव्हीवर पिक्चर बघणं म्हणजे बसच्या खिडकीतून समुद्र बघणं, हे त्याला समजावण्यात वेळ घालवला नाही, सरळ ऑर्डर केला.

आता खोक्याबद्दल. त्यावर मोठ्या अक्षरात "फोर के सपोर्ट" लिहिलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो. सपोर्ट म्हणजे काय, तर फोर केची फाइल आत घालता येते, बास. भिंतीवर पडतं ते मशीनचं स्वतःचं जे रेझोल्यूशन असेल तेच, त्याला नेटिव्ह म्हणतात आणि ते आतल्या कागदावर बारीक टायपात सापडतं. माझं निघालं १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० ठिपके. फोर केचे ठिपके ८२,९४,४००. भागून बघा, बरोब्बर नऊ पट, बाकी शून्य. म्हणजे चित्रातल्या नऊ ठिपक्यांचा कारभार माझ्याकडे एकच ठिपका बघतो. घेताना "नेटिव्ह १०८० आहे का" एवढा एकच प्रश्न विचारला असता तर आज हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

लुमेनचं, म्हणजे मशीनमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या मापाचं, तर त्याहून वाईट. खोक्यावर ९,००० लुमेन. आत बारीक टायपात २०० अ‍ॅन्सी लुमेन. खरा आकडा दुसरा, कारण अ‍ॅन्सीच्या पद्धतीत पडद्याचे नऊ सारखे भाग करून प्रत्येक भागात उजेड मोजतात आणि सरासरी काढतात, पहिला आकडा कोणी कुठून आणला ते देव जाणे. आता २०० वाईट का? तर नाही, आणि हे मला मशीन आल्यावर वहीत आकडेमोड केल्यावर कळलं. थिएटरच्या पडद्यासाठी ठरलेलं प्रमाण आहे दर चौरस मीटरला ४८ कँडेला (पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप). घरी ६० इंची चित्र पाडलं (६० म्हणजे कर्ण बरं का, रुंदी नाही, रुंदी साधारण ५२ इंच) तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. २०० लुमेन भागिले १ चौरस मीटर भागिले पाय (वर्तुळातला, ३.१४ वाला), आले ६४ कँडेला. म्हणजे खोली ठार अंधारी असेल तर थिएटरपेक्षा उजळ! पण हौसेला मोल नसतं, तुम्ही ते १०० इंचावर नेणार, क्षेत्रफळ होणार पावणेतीन चौरस मीटर, आणि उजेड येणार २३ वर, थिएटरच्या निम्म्याला. उजेड तेवढाच आहे, वाटेकरी वाढले. पहिल्या रात्री मी तेच केलं, भिंतभर चित्र, आणि रात्रीच्या सीनमध्ये कोण कोणाला मारतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता निमूटपणे ६० वर असते, फार तर ७०.

मशीन ठेवायचं कुठे हा खरा छळ आहे. ६० इंचासाठी माझं मशीन भिंतीपासून पावणेसहा फूट लागतं, म्हणजे नेमकं खोलीच्या मधोमध, जिथून घरातला प्रत्येक जण पाण्याला उठतो. ते चुकवायला बाजूच्या कपाटावर ठेवलं, तर चित्राचा झाला समलंब चौकोन, एक बाजू लांब एक आखूड. आठवीला पाठ्यपुस्तकातून शिकवण्यापेक्षा हे बरं उदाहरण आहे असं वाटून मी जरा खूशच झाले होते. यावर रिमोटमध्ये कीस्टोन नावाचं बटण असतं, ते दाबलं की चौकोन सरळ होतो, पण फुकटात नाही, बाहेर आलेला भाग मशीन काळा करून टाकतं आणि चित्र उरलेल्या ठिपक्यांत आक्रसून बसवतं. आधीच नवांचा एक झालेला, त्यातही कपात. शेवटी स्टुलावर चार जुनी रजिस्टरं रचून मशीन समोरासमोर आणलं तेव्हा काम झालं. आणखी एक, मधलं अक्षर स्पष्ट केलं की कोपऱ्यातलं पुसट होतं आणि कोपरा धरला की मधलं जातं, हे लेन्सचंच आहे, दुरुस्त होत नाही. सबटायटल्स खाली मधोमध असतात म्हणून निभावतं.

पडद्यासाठी पांढरी चादर लावणार असाल तर एकेरी लावू नका, बराचसा उजेड पलीकडे निघून जातो आणि मागच्या भिंतीवर दुसरा पिक्चर चालतो. दुहेरी करा, मागे काहीतरी गडद कापड, आणि इस्त्री करा, नाहीतर नायिका पंख्याच्या वाऱ्यावर म्हातारी तरुणी म्हातारी तरुणी होत राहते.

आवाज. हा मुद्दा मला घेण्याआधी कोणीच सांगितला नाही. थिएटरच्या पडद्याला अगदी बारीक भोकं असतात, हजारो, आणि स्पीकर पडद्याच्या मागे असतात, म्हणून माणूस जिथे दिसतो तिथूनच बोलतो. इथे माणूस समोर बोलतो आणि आवाज येतो माझ्या मानेमागून, डब्यातून, त्यात पंख्याची घरघर. कुजबुजीचा सीन आला की पंखाच जिंकतो. ब्लूटूथ स्पीकर चादरीखाली ठेवून बघितला, दिशा सुधारली पण ओठ आधी हलायला लागले आणि शब्द मागून, वर्गात पाठांतर घेताना शेवटच्या बाकावरची पोरं मागे राहतात ना, तस्सं. मग लांब वायर आणली, एक टोक मशीनच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं स्पीकरमध्ये, आणि सगळं जागेवर आलं. सगळ्या खर्चात सार्थकी लागलेली गोष्ट ही वायर.

ओटीटीचं आधी बघून घ्या, हात जोडून सांगते. मशीनमध्ये ॲप दिसतं म्हणजे चालतं असं नाही. परवाना नसलेल्या मशीनवर काही ॲप उघडतच नाहीत, काही उघडतात पण चित्र देतात पुसट, आणि मोबाइलची स्क्रीन पाठवायला गेलात तर काळा पडदा आणि नुसते संवाद, पायरसी रोखायची कुलपं असतात ती. मी एका शुक्रवारी मैत्रिणींना घरी बोलावून दीड तास हे सोडवत बसले होते, स्टाफरूममध्ये अजून विषय निघतो. शेवटी एचडीएमआयच्या भोकात घालायची, ही ॲप चालवणारी वेगळी स्टिक घेतली. म्हणजे खर्च धरताना मशीन अधिक स्टिक अधिक वायर असा धरा.

आता इतकं वाचून वाटेल की मग ठेवलाय कशाला. तर शाळेसाठी. माझा वर्ग दुपारचा, खिडक्यांना पडदे नाहीत, तिथे भिंतीवर भुताची सावली तेवढी दिसते, पण संगणकाची खोली अंधारी होते. एका ऑफ तासाला (म्हणजे दुसऱ्या कोणाच्या रजेमुळे माझ्या गळ्यात आलेला तास, आमच्याकडे ऑफ म्हणजे तोच) आठवी तिथे नेली. मशीन भिंतीपासून एक मीटर, मुलांनी पट्टीने रुंदी मोजली, मग दोन मीटर, परत मोजली, दुप्पट. "क्षेत्रफळ?" विचारल्यावर अर्धा वर्ग दुप्पट म्हणाला, तोच अर्धा वर्ग जो पेपरातही दुप्पटच लिहितो. मग एकाने मोबाइलमधलं उजेड मोजायचं ॲप चित्राच्या मध्यावर धरलं, एक मीटरला जो आकडा होता त्याचा दोन मीटरला साधारण चौथा हिस्सा. कोणी काही बोललं नाही, एक मुलगा फक्त हळूच म्हणाला, "म्हणजे चौपट झालं होतं बाई." तीन वर्षं फळ्यावर चौरसात चौरस काढून हे झालं नव्हतं.

राहिलेल्या दहा मिनिटांत त्यांना सिनेमाच्या सुरुवातीबद्दल सांगितलं, २८ डिसेंबर १८९५, पॅरिस, ल्युमिए बंधूंचा तिकीट लावून पहिला खेळ, दहा पिक्चर आणि प्रत्येक एका मिनिटाच्या आत. आमच्या आठवीची एकाग्रताही बरोबर तेवढीच टिकते त्यामुळे विषय आवडला. मग रिकाम्या पांढऱ्या उजेडात ज्याने त्याने हाताचे कुत्रे आणि ससे केले आणि घंटा झाल्यावरही कोणी हलेना.

पण शाळेनेच घात केला. एकदा वर्गात फळ्याजवळ ठेवून चालवला, आणि पंखा खडूची पूड आत ओढत बसला. स्वस्त मशीनमध्ये आतला भाग हवाबंद नसतो, एक कण काचेवर बसला की भिंतीवर त्याचा पुसट राखाडी ठिपका होतो, वाटाण्याएवढा. आता माझ्याकडे प्रत्येक पिक्चरमध्ये उजवीकडे उभ्या माणसाच्या गालावर तीट असते. क्लोजअपमध्ये तर नायक-नायिका-खलनायक सगळ्यांना. फुंकर मारायच्या पंपाने गेला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला उघडून देतो, पण परत बंद करताना दोन नवीन जातील त्याची खात्री देत नाही. माणूस प्रामाणिक होता, म्हणून नाही उघडला.

दिव्याबद्दल खोक्यावर ३०,००० तास लिहिलंय. रोज दोन तास बघितला तर ४१ वर्षं. मी त्याच्या कितीतरी आधी रिटायर होणार आणि पंखा माझ्याही आधी.

मार्क द्यायचे तर १० पैकी ५, आणि त्या आठवीच्या तासासाठी एक ग्रेस. थिएटरची सवय सुटेल असं वाटून घेऊ नका, माझी तर वाढली, कारण आता तिथे बसल्यावर काळा रंग किती काळा आहे तेच बघत बसते. पुढच्या महिन्यात सहामाहीचे पेपर आहेत, एक पिक्चर लागतोय नेमका त्याच शुक्रवारी. मी सकाळच्या पहिल्या शोचं तिकीट काढलंय, मागून एक तृतीयांशावर, मधोमध, आणि पेपरचा एक गठ्ठा पिशवीत नेणार आहे, मध्यंतरात कोणी पालक आले तर त्यांच्यासमोर तपासत बसेन.