हातगाडी की बैलगाडी? १८५६ साली सॉल्ट लेकला निघालेल्या जोडप्यासाठी

समजा, साल १८५६ आहे. तुम्ही दोघं इंग्लंडातल्या एखाद्या गिरणीत राबणारे, नुकतंच लग्न झालेले, मॉर्मन या ख्रिस्ती पंथात आलेले. लिव्हरपूलहून बोटीने अमेरिका गाठलीत, मग आगगाडी, आणि रूळ संपतात तिथे, आयोवा सिटीला उतरलात. इथून पंथाचं ठाणं, युटातलं सॉल्ट लेक सिटी, साधारण २,१०० किलोमीटर. आता गाडी कुठली घ्यायची?

खिसा बघाल तर हातगाडी. मुळात तिचा जन्मच टंचाईतून झाला. १८५५ मध्ये युटात अवर्षण आणि टोळ यांनी मिळून पिकं बुडवली, येणाऱ्यांना प्रवासासाठी कर्ज देणाऱ्या निधीत खडखडाट झाला, तेव्हा पंथाचा प्रमुख ब्रिगहॅम यंगने महागडे बैल वगळून माणसांनीच गाड्या ओढत यावं असं ठरवलं. लिव्हरपूलपासून माणशी ९ पौंडांत भागेल असा हिशेब होता. बैलगाडीला दोन बैलजोड्या लागतात. दहा जणांत वाटून घेतली तरी गिरणी कामगाराला ती जडच.

सामानात मात्र बैलगाडी सरळ जिंकते. हातगाडीवर माणशी १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. विमानात हातात घेऊन चढतो तेवढी बॅग, आणि तिच्यात कपडे, अंथरूण, पांघरूण सगळं. आईने दिलेली रजई घ्यायची की जाड कोट, हा वाद छावणीतच मिटवा. बैलगाडीत बसून जायला मिळेल म्हणून मात्र ती निवडू नका. तिच्यात सामान भरतात. धडधाकट माणसं तिथेही चालतच जातात.

वेग? इथे बरेच जण फसतात. बैल सकाळी शोधून आणायचे, जुंपायचे, चारायचे. हातगाडीला दोघांनी दांडीला हात लावला की निघाली. एडमंड एल्सवर्थचा पहिला तांडा ९ जूनला आयोवा सिटीहून निघाला आणि २६ सप्टेंबरला पोहोचला. त्या वर्षीचे पहिले तिन्ही तांडे फारशी पडझड न होता गेले.

पण गाडीच बघा नीट. दोन चाकं, पुढे आडवी दांडी, रिकामी असताना जेमतेम २७ किलो, आणि जवळजवळ सगळी लाकडाची. घाईत बांधलेल्या गाड्यांना ओलं लाकूड वापरलं. कोरड्या माळावर ते आटलं, आरे खिळखिळे झाले. लाकडी आसात धूळ शिरून तो कानशीने घासल्यासारखा झिजायचा. वंगण नसलं की लोक जेवणातली डुकराची चरबी, नाहीतर अंगाचा साबण लावायचे. म्हणजे चाक फिरवायचं तर तोंडचा घास आसाला!

शिवाय हातगाडीवाल्यांचंही बैलांवाचून चालत नाही. तंबू आणि पीठ वाहायला शंभर माणसांमागे एक बैलगाडी सोबत असतेच. जेम्स विलीच्या तांड्यातली तीसेक जनावरं रानरेड्यांच्या (बायसनांच्या) धुमाळीत उधळून गेली, आणि मग तेच पीठ माणसांच्या गाड्यांवर चढलं.

माझ्या मते यादीतला सगळ्यात जड रकाना तारखेचा. विली १५ जुलैला निघाला, एडवर्ड मार्टिनचा तांडा २८ जुलैला. वाटेत नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्स गावी विलीच्या तांड्यातल्याच लीव्हाय सॅव्हेज यांनी सभेत बजावलं होतं की इतक्या उशिरा बायकामुलं, म्हातारीकोतारी घेऊन पुढे जाऊ नका. बहुतेकांनी ऐकलं नाही, तेव्हा ते स्वतःही सोबत निघाले. १९ ऑक्टोबरला बर्फाचं वादळ आलं. मार्टिनच्या तांड्याने त्याच दिवशी प्लॅट नदी ओलांडली. आजारी असलेला अ‍ॅरन जॅक्सन त्यानंतर काही दिवसांतच एका रात्री तंबूत गेला. त्याची बायको एलिझाबेथ हिने हात लावला तेव्हा तो थंड पडला होता. पदरात तीन लेकरं. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणता येईना. त्याला घोंगडीत गुंडाळून आणखी तेरा जणांबरोबर बर्फाखाली ठेवलं. दोन्ही तांड्यांत मिळून २०० हून अधिक माणसं दगावली. हंट आणि हॉजेट यांचे बैलगाड्यांचे तांडेही त्याच बर्फात अडकले होते. मेले तेही, पण बरेच कमी. गाडीचा आडोसा होता, पांघरुणं होती.

तेव्हा जून असेल, पदरी मूल नसेल आणि दोघांच्या पायात बळ असेल, तर हातगाडी घ्या, हातचे पैसे पुढच्या संसाराला लागतील. पोर अंगावर असेल तर उसनवारी करून का होईना, बैलगाडीत जागा मिळवा. जुलै अर्धा उलटला असेल तर दोन्ही नको. फ्लॉरेन्सला थांबा, मिळेल ते काम धरा, हिवाळा काढा. विलीच्या तांड्यातले शंभरेक जण तसे थांबलेच.

आणि हातगाडीच घेणार असाल तर ताबा घेण्याआधी चाकाच्या तुंब्यात नख रुतवून बघा. ओल लागली तर दुसरी मागा. मिळेलच असं नाही, सुतारांकडे रांग मोठी आहे.