खिशातला सॉफ्ट अर्कान्सास दगड : गडावरच्या मुक्कामाला कितपत कामाचा?

गडावर चाकू बोथट झाला की ग्रुपमधला कुणीतरी पायाखालचा काळा दगड उचलतोच. कोयत्याचं त्यावर कसंबसं भागतं, चांगल्या चाकूचं नाही. पुण्याभोवतीचा सगळा डोंगर बेसॉल्टचा. त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतं, आणि जे फेल्डस्पार-पायरॉक्सीन असतं त्याचा कठीणपणा मोह्सच्या 1 ते 10 च्या मापावर साधारण 5 ते 6.5. कडक पोलाद त्याला दाद देत नाही, नुसते ओरखडे उठतात. म्हणजे धार लावायचा दगड घरूनच न्यायचा.

अर्कान्सास म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिटा डोंगरातला नोव्हॅक्युलाइट, अतिसूक्ष्म क्वार्ट्झचा घट्ट दगड. कठीणपणा 7; 'सॉफ्ट' म्हणजे त्यातल्या त्यात कमी घट्ट, जरा खरखरीत जात. इथे पाहिलाय तो 3 इंच लांब, 1 इंच रुंद, साधारण 40 ग्रॅमचा. साध्या कार्बन स्टीलवर आणि स्विस चाकूच्या मऊसर स्टेनलेसवर तो झकास चालतो. व्हॅनेडियम जास्त असलेल्या महागड्या पोलादावर मात्र तासभर घासा, काही होत नाही. त्यातले कार्बाइडचे बारीक कण क्वार्ट्झपेक्षा कठीण असतात. तिथे हिऱ्याची पूड बसवलेली डायमंड प्लेटच हवी. पात्याला दाते पडले असतील तरी हा दगड नको. ते काम पुण्याच्या बोहरी आळीत मिळणाऱ्या दुहेरी कार्बोरंडम दगडाच्या खरखरीत बाजूवर आधी घरीच उरकावं.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. वर तेलाचे 3-4 थेंब. पातं 2 सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून 7 मिमी उचला, की 20 अंशांचा कोन होतो. तो टिकतोय का हे बघायला काठावर मार्कर फिरवा. दोनदा घासल्यावर शाई फक्त वरच्या अंगाला गेली तर पाठ खाली आहे, अगदी धारेवरचीच गेली तर जास्त उचलली आहे. धार पुढे ठेवून मुठीपासून टोकापर्यंत एकाच बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड येईपर्यंत. ती पूर्ण लांबीभर यायला हवी; मुठीजवळ आणि टोकाशी हमखास राहते. मग दुसरी बाजू. शेवटी दाब जवळजवळ काढून एकदा इकडून, एकदा तिकडून. राहिलेली कड कमरेच्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून ओढली की जाते. बहुतेकांचं बिनसतं ते दाबामुळे. जोर दिला की एवढ्याशा दगडावर मनगट डुगडुगतं आणि काठ गोल होतो.

तेलाबाबत घरगुती प्रयोग नकोत. खोबरेल 24 अंशांखाली थिजायला लागतं, म्हणजे डिसेंबरात गडावर पांढरा मेणचट थर. शेंगदाण्याचं कालांतराने चिकट होऊन दगडाची छिद्रं बुजवतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम, चाकूने खायचंच चिरायचं असेल तर तेच. बाटली फिरकीच्या झाकणाची घ्या, नाहीतर सगळी सॅक तेलकट. काम झालं की काळी घाण पुसून टाका. साठली की दगड गुळगुळीत होऊन नुसता घसरतो. घरी भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. तरीही पकड आली नाही तर काचेवर 220 नंबरचा वॉटर पेपर ठेवून दगड त्यावर घासा.

तक्रार एकच, पण मोठी: ठिसूळपणा. कातळावर पडला की कोपरा उडालाच. जाड मोज्यात गुंडाळून न्या. लांबी कमी असल्याने 10 सेंमीपेक्षा मोठ्या पात्याला पातं स्थिर धरून दगडच फिरवावा लागतो, तेव्हा बोटं दगडाच्या वरच्या कडेच्या वर येऊ देऊ नका.

विकत घेताना ओला करून बघा, बारीक चीर असेल तर पाणी सुकताना रेघ दिसते. दगड सपाट आहे का हे बघायला स्टीलची पट्टी उभी टेकवून खालून उजेड येतो का तेही तपासा. दुकानदार पांढराशुभ्र अर्धपारदर्शक 'जास्त भारी' म्हणून पुढे करेल. तो फक्त शेवटच्या तकाकीचा, बोथट चाकूवर त्याने दिवस मावळेल.