तारसर-मारसर की काश्मीर ग्रेट लेक्स : मित्रांच्या गटाने कोणता ट्रेक निवडावा?

आपल्याकडची उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत येते आणि काश्मीरमधली उंचावरची सरोवरे त्या काळात बर्फाखाली असतात, त्यामुळे मित्रमंडळींनी एकत्र जायचे ठरवले की आधी रजेचा प्रश्न सोडवावा लागतो आणि मग वाटेचा. या सरोवरांकडे जाण्याचा हंगाम जुलैत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. पीर पंजालच्या रांगेमुळे मोसमी पावसाचा जोर खोऱ्यात बराच ओसरलेला असतो; म्हणूनच आपण सह्याद्रीत चिखल तुडवत असतो त्या दिवसांत तिथली कुरणे फुलांनी भरलेली असतात. दोन्ही वाटा मी वेगवेगळ्या वर्षी मित्रांसोबत, स्वतःची सॅक पाठीवर घेऊन चाललो आहे, आणि दोन्हींतून एकच निवडायची असलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

काश्मीर ग्रेट लेक्सची वाट सोनमर्गजवळच्या शितकडीहून निघून नारानागला संपते. सुमारे ७० ते ७५ किलोमीटरचे अंतर, चालण्याचे सहा-सात दिवस आणि निचनई, गाडसर व झज या तीन खिंडी. त्यांतली गाडसरची सर्वांत उंच, जवळपास ४,२०० मीटर. तारसर-मारसरची वाट पहलगामच्या वर १२ किलोमीटरवर असलेल्या आरू गावातून सुरू होते. अंतर ५० किलोमीटरच्या आतबाहेर, दिवस पाच-सहा आणि मोठी खिंड एकच, सुमारे ४,००० मीटरची. बहुतेक गट फिरून आरूलाच परततात.

केवळ सरोवरांचा विचार केला तर ग्रेट लेक्सची बरोबरी करणारी वाट मला तरी ठाऊक नाही. कृष्णसरचे पाणी विष्णसरमध्ये उतरते आणि तिथून किशनगंगा वाहू लागते. गाडसर खिंडीच्या चढावर थांबून मागे वळले की ही दोन्ही सरोवरे एकाच नजरेत मावतात. गाडसर म्हणजे काश्मिरीत माशांचे सरोवर. जुलैच्या सुरुवातीला त्याच्या निळ्या पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात. पुढे सातसर, आणि झज खिंडीवरून दिसणारी नुंदकोल व गंगाबल ही जोडी, जिच्यामागे ५,१४२ मीटर उंचीचा हरमुख उभा असतो. काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल हे तीर्थ आहे, अस्थिविसर्जनाची जागा आहे, म्हणून तिथे साबण-भांडी घेऊन काठावर बसू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तारसर-मारसरच्या वाटेवर मुख्य सरोवरे तीनच : तारसर, सुंदरसर आणि मारसर. पण तिथे सरोवराजवळ बसायला वेळ मिळतो, आणि हा फरक कागदावरच्या वेळापत्रकात दिसत नाही. आम्ही दुपारी दोनच्या सुमारास तारसरला पोहोचलो, तंबू लावले आणि अंधार पडेपर्यंत पाण्याचा रंग बदलताना पाहत राहिलो. आधी हिरवट निळे, मग ढग आला की शिशासारखे करडे, आणि शेवटी समोरच्या बर्फाच्या पट्ट्याएवढीच उजळ रेघ. मारसरच्या काठावर मुक्काम नसतो, ते वरच्या धारेवरून पाहायचे असते, आणि पुष्कळदा ते ढगात झाकलेले असते. आम्ही धारेवर चाळीस मिनिटे थंडीत बसून होतो, शेंगदाण्याची चटणी आणि सुकी पोळी खात. ढग दहा मिनिटांसाठी फाटला. ज्यांना सरोवर हमखास दिसायलाच हवे, त्यांनी हे आधीच मनाशी धरावे. तारसरचे पाणी लिद्दर नदीकडे जाते आणि मारसरचे दाचीगामच्या जंगलातून श्रीनगरच्या दिशेने. त्या एका धारेवर बसून दोन्ही खोरी समजतात, याचे मला फार अप्रूप वाटले.

मित्रांच्या गटासाठी मात्र सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मागे फिरण्याच्या सोयीचा आहे. गटाचा वेग नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, आणि मैत्रीमुळे तो माणूस दुखणे लपवतो. तारसरला कोणाला विरळ हवेचा त्रास झाला, डोके दुखून उलट्या सुरू झाल्या, तर शेकवास आणि लिद्दरवटमार्गे एका लांब दिवसात आरूला उतरता येते, आणि सगळी वाट उताराची असते. ग्रेट लेक्समध्ये गाडसर खिंड ओलांडली की मागे जायचे तरी खिंड आणि पुढे जायचे तरी खिंड, अशी स्थिती होते. आमच्या सहा जणांतल्या एकाचा गुडघा सातसरच्या पुढच्या मोठाल्या दगडांमध्ये दुखावला. त्याने ते रात्री तंबूत सांगितले, तेव्हा त्याचे सामान आम्ही वाटून घेण्यापलीकडे काहीच करता येण्यासारखे नव्हते. शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानागपर्यंतचा १,२०० मीटरहून अधिक उतार तो काठी टेकत, दर वळणाला थांबत उतरला. नारानागच्या प्राचीन मंदिरांचे अवशेष पाहायला तो आला नाही, आणि त्याला सोडून आम्हीही गेलो नाही.

कळसूबाई किंवा राजगड-तोरणा एका दमात करता येते म्हणून ग्रेट लेक्स सहज जमेल, असे समजू नये. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे आहे आणि या वाटांवर बहुतेक रात्री झोपायचेच मुळी ३,००० मीटरच्या वर असते. सॅक १० ते १२ किलोंपेक्षा जड होणार असेल तर स्थानिक घोडेवाल्यांची मदत घ्यावी; ती दोन्ही वाटांवर मिळते.

तारखांचे गणितही आधी मांडावे. जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेचे दोन्ही मार्ग पहलगाम आणि सोनमर्गच्याच बाजूने जातात, त्यामुळे रस्ते आणि खोल्या दोन्हींची टंचाई असते. यात्रा साधारणपणे राखीपौर्णिमेला संपते आणि त्यानंतर गणपतीपर्यंत साधारण १७ ते २० दिवस उरतात. याच मोकळ्या दिवसांत गेल्यास गर्दी कमी मिळते आणि घरच्या गणपतीला वेळेवर पोहोचता येते.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये झालेल्या हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातली माणसेही होती. त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि पुढे काही टप्प्याटप्प्याने उघडली. म्हणून निवडलेली वाट त्या हंगामात खुली आहे का, हे स्थानिक प्रशासनाकडून पक्के कळल्याखेरीज विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट काढू नये. ग्रेट लेक्सवर लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र पाहिले जाते, तेव्हा मूळ आधारकार्ड जवळ असावे. इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गटातल्या दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्यावे. वर चढल्यावर तेही निरुपयोगी होते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

गटातल्या एकानेही याआधी ३,५०० मीटरच्या वर रात्र काढली नसेल, तर माझे मत नि:संशय तारसर-मारसरच्या बाजूचे आहे. सगळ्यांनी तसा एखादा ट्रेक केलेला असेल, गुडघे खणखणीत असतील आणि दहा-बारा दिवसांची रजा हाताशी असेल, तर ग्रेट लेक्सलाच जावे. आमचा तो गुडघेदुखीचा मित्र पुढच्या ऑगस्टमध्ये तारसरला येणार आहे. त्याने जानेवारीपासून दर रविवारी सिंहगड चढायला सुरुवात केली आहे.