नऊ दिवसांत उतरलेली साखर

आण्णांची उपाशीपोटीची साखर नऊ दिवसांत १८६ वरून ९४ वर आली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. कारण वही माझ्याकडे होती. आण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७१, कराड डेपोतून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. चौदा वर्षांपासून मधुमेह. बोट टोचायचं, पट्टी लावायची, आकडा तारखेसकट वहीत उतरवायचा, हे काम मी लग्न होऊन या घरात आल्यापासून करतेय. १६०, १७२, १५८, १८१ असे आकडे वर्षानुवर्षं लिहून मला कंटाळा आला होता. त्यामुळे ९४ लिहिलं त्या दिवशी मी त्याभोवती लाल पेनानं गोल काढला. तो गोल अजून वहीत आहे. आज तो बघितला की पोटात कालवतं. घाबरायला हवं होतं त्याच आकड्यावर मी विश्वास ठेवला होता.

प्रीतिसंगमावर रोज सकाळी फिरायला येणारी आण्णांची चार-पाच जणांची मंडळी आहे. त्यांतल्या एका काकांनी कागद आणून दिला: मंगल कार्यालयात मोफत मधुमेहमुक्ती शिबिर, नावनोंदणी आवश्यक. मोफत म्हटल्यावर आण्णा जाणारच होते, आणि एकटे नकोत म्हणून मी सोबत गेले. गर्दी भरपूर होती. स्टेजवर धन्वंतरीची तसबीर, हार, समई, सगळं रीतसर. आत एका टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याला वायरनं जोडलेली एक स्टीलची नळी. नळी मुठीत घट्ट धरून मिनिटभर बसायचं. मग प्रिंटरमधून पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट येतो, त्यात यकृत, मूत्रपिंड, हाडं, मेंदू, सगळ्यांचे आकडे. आण्णांच्या रिपोर्टात स्वादुपिंडासमोर, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणाऱ्या अवयवासमोर, लाल रंगात ‘गंभीर’ असं छापलं होतं. रक्ताचा थेंबही न घेता, मुठीत नळी धरून स्वादुपिंड किती काम करतंय हे सांगणारं यंत्र जगात कुठेच नाही. पण हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्या वेळी छापील कागद, त्यावर आण्णांचं नाव आणि वय, एवढ्यानंच मी गप्प झाले.

शिबिर घेणारा माणूस तिशी-पस्तिशीचा. पांढरा झब्बा, बोलणं मऊ. वैद्य म्हणून ओळख करून दिली. कुठून शिकलात हे आम्ही विचारलं नाही आणि भिंतीवर काही लावलेलंही नव्हतं. आण्णांना तो ‘बाबा’ म्हणाला, त्यांचे पाय बघितले, पाठीवर हात ठेवून वीस मिनिटं बोलला. आमचे नेहमीचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे बाहेर साठ माणसं बसलेली असतात. वीस मिनिटं ऐकून घेणारं माणूस आण्णांना कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. मला वाटतं, खरी विक्री तिथेच झाली. चूर्ण नंतर आलं.

तो म्हणाला, स्वादुपिंड मेलेलं नाही, झोपलंय, त्याला जागं करू. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे केमिकल, त्या आधी बंद, नाहीतर चूर्ण लागू पडणार नाही. साखर सोडा, पण गूळ चालतो, गूळ नैसर्गिक आहे. रात्रीचं जेवण बंद, फक्त मुगाचं कढण. आणि शेवटी, डॉक्टरांना इतक्यात काही सांगू नका, ते उगाच घाबरवतात. तीन महिन्यांचा कोर्स, १८,६०० रुपये. मीच मोबाइलवरून पैसे पाठवले. पैसे कुठल्या दुकानाच्या नाही, तर एका बाईच्या वैयक्तिक खात्यात गेले. पावती मागितली तर वहीतलं पान फाडून त्यावर ‘जमा’ एवढं लिहून मिळालं.

तीन डबे मिळाले. मातकट तपकिरी चूर्ण, मेथी आणि जांभळाच्या बीसारखा वास. चमचा उजेडात धरला की तपकिरीत बारीक पांढरे कण दिसायचे, साबुदाण्याचा चुरा पडावा तसे. मी विचारलंही. फोनवर उत्तर आलं, ते शुद्ध भस्म आहे ताई. डब्यावर ‘१०० टक्के नैसर्गिक’ मोठ्या अक्षरांत आणि एक मोबाइल नंबर. बस्स. आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावरसुद्धा ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकांची यादी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि तयार केल्याची तारीख छापावी लागते, कायद्यानं. मी शाळेत शिकवते, मुलांना बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघायला लावते. तो डबा मात्र मी सहा आठवडे रोज हातात घेत होते आणि एकदाही फिरवून बघितला नाही.

मग ते आकडे. नवव्या दिवशी ९४. पंधराव्या दिवशी ८८. तिसऱ्या आठवड्यात एकदा ७१. मी फोटो काढून नणंदेला पाठवले, भावाला पाठवले. आण्णांनी प्रीतिसंगमावरच्या आणखी दोघांना त्या माणसाकडे नेलं. तीन पेशंट आणले तर एक डबा फुकट, अशी त्याची योजना होती. पण आण्णांनी डब्यासाठी नेलं नाही. आपलं बरं झालं, यांचंही व्हावं, म्हणून नेलं.

त्याच दिवसांत आण्णा चिडके झाले. दुपारी चारच्या सुमारास हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, आणि खूप भूक. गुळाचा चहा घेतला की बरं वाटायचं. मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, शरीरातली घाण बाहेर पडतेय, गोळ्यांचं विष निघतंय, चांगलं लक्षण आहे. थरथर, घाम, भूक, चिडचिड. साखर खाली जाते तेव्हा हेच होतं, आणि ७० च्या खाली आकडा गेला की तो धोक्याचा. हे आमच्या डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्याच वहीच्या मागच्या कप्प्यात होता.

पाऊस लागला होता त्या दिवसांत. एका रात्री पावणेचारला सासूबाईंनी दार वाजवलं. आण्णांचा बनियन पिळून काढावा इतका ओला, अंगाखालची चादर ओली, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. आणि ते मोठ्या आवाजात बोलत होते: ‘उंब्रज... उंब्रज उतरा... काशीळ... पुढं नागठाणे...’ कराड-सातारा गाडीचे थांबे. तीस वर्षं ज्या आवाजात म्हटले, त्याच आवाजात. माझे मिस्टर त्यांना हलवून हाका मारत होते आणि ते त्यांच्याकडे बघून म्हणाले, ‘सुट्टे द्या.’

मी बोट टोचलं. ३८.

सासूबाईंनी साखरपाण्याचे दोन चमचे आण्णांच्या तोंडात घातले, आण्णांना जोराचा ठसका लागला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं, हे दवाखान्यात कळलं. माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, गरज लागली तर पुन्हा द्यायचं आणि मग काहीतरी खायला घालायचं. शुद्ध नसेल तर १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी. आम्हाला शेजाऱ्यांची गाडी मिळाली.

कॅज्युअल्टीत शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच मिनिटांत आण्णांनी मला नावानं हाक मारली. मी तिथेच खाली बसले. ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, साखरेच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी सांगितलं, कुठल्याच नाहीत, दीड महिना झाला बंद करून. मला वाटलं, ही चांगली बातमी आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ताई, मधुमेहाच्या माणसाची साखर गोळी किंवा इन्सुलिन न घेता सहसा ३८ होत नाही. दुसरं काय घेतात ते सांगा.’ दोन तासांनी साखर पुन्हा ५२ वर आली. सलाइन लावलेलं असताना! तेव्हा मी डब्याचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. ग्लिबेनक्लॅमाइड नावाची जुनी, अगदी स्वस्त गोळी आहे. ती आणि तिच्यासारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन बाहेर काढतात, तुम्ही जेवला आहात की उपाशी आहात हे न बघता. असर लांबतो. वय झालेल्या माणसात, त्यात मूत्रपिंड अशक्त असेल तर, ती अंगात साचत जाते. आण्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, तेव्हा वाढून १.८ झालं होतं. अशा गोळ्यांची पूड ‘देशी’ मधुमेहाच्या चूर्णात मिसळलेली देशात आणि परदेशात पुष्कळदा सापडलेली आहे. सांधेदुखीच्या चूर्णात तसंच स्टेरॉइड सापडतं. पहिल्या आठवड्यात जादू वाटते ती त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, मी डबा तपासलेला नाही, त्यामुळे अमुकच होतं असं लिहून देणार नाही. पण ग्लुकोज देऊनही साखर पुन्हा पुन्हा पडत होती, ती दुसऱ्या कशानं हे मला सुचत नाही.

म्हणजे डॉक्टर मोजून-मापून गोळी देत होते ती ‘केमिकल’ म्हणून बंद केली, आणि बहुधा तशीच एक केमिकल गोळी न मोजता, मूत्रपिंडाची तपासणी न करता, रात्रीचं जेवण बंद करून आम्ही रोज दोन चमचे देत होतो. १८,६०० रुपये देऊन. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी, तिचा महिन्याभराचा साठा जनऔषधी दुकानात किती स्वस्त मिळतो ते कुणीही जाऊन बघावं. आणि नैसर्गिकच हवं असेल, तर त्या मेटफॉर्मिनचं मूळही युरोपात उगवणाऱ्या एका वनस्पतीत आहे, हेही मला त्याच दिवशी कळलं.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. आमच्या घरात आजही रात्री मेथ्या भिजत घालतात, कारल्याची भाजी आठवड्यातून दोनदा होते, डॉक्टर त्याला आडवे येत नाहीत. शिकलेले, नोंदणी असलेले वैद्य आहेत, ते रक्ताचे रिपोर्ट बघतात, चालू गोळ्या विचारतात. ‘गोळ्या बंद करा आणि डॉक्टरांना सांगू नका’ ही दोन वाक्यं एकत्र आली की तिथून उठावं, समोर कुणीही असो. आणि ज्यांना लहानपणापासूनचा टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यांनी असल्या माणसाचं ऐकून इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. आमच्या शाळेत एक तशी मुलगी आहे. तिच्या आईला मी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं.

आण्णा तिसऱ्या दिवशी घरी आले. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, तुम्ही पथ्य मोडलं असणार. दुसऱ्यांदा फोन उचलला नाही, मग नंबर बंद. ज्या गाळ्यात डबे मिळाले होते तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. एक डबा सीलबंद उरला होता, तो, ती ‘जमा’ लिहिलेली चिठ्ठी, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, शिबिराचा कागद आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या साताऱ्याच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच मुळात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणून तो शिबिराचा कागद फेकू नका, कुणालाही मिळाला तर जपून ठेवा. आम्ही फोडलेले डबे रागानं कचऱ्यात टाकले, तेही करू नका.

आता डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्यात. रात्री लवकर, थोडंच, पण जेवण. गुळाचा चहा बंद, कारण गूळ म्हणजे शेवटी उसाची साखरच. भाकरीसुद्धा एकच, ज्वारीची आहे म्हणून तीन नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ८.६ वरून ७.५ आलं. हळू उतरलं.

आण्णांना पैशाचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना त्या दोघांचं वाटलं, ज्यांना ते स्वतः घेऊन गेले होते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी, पायात जोर नसताना, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते दोघांच्याही घरी गेले. एकांनी तिथेच डबा आणून आमच्या हातात दिला. दुसऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग आतून ग्लुकोमीटर आणून मला दाखवला. ‘पण सूनबाई, माझी आज सकाळी ९२ आलीय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.’ चेहऱ्यावर तोच आनंद, जो माझ्या चेहऱ्यावर होता. मी त्यांना वही दाखवली, लाल गोल दाखवला, खालचा ३८ दाखवला. ते म्हणाले, बघतो.

त्यांनी अजून डबा सोडलेला नाही. आण्णा त्यांच्यासोबत रोज फिरतात, रोज एकदा विषय काढतात. सदऱ्याच्या खिशात आता ग्लुकोजच्या दोन पुड्या असतात. एक स्वतःसाठी.